प्रेग्नन्सीत आणि डिलिव्हरीनंतर लघवी लीक होते? आधी प्रकार ओळखा, मग व्यायामाला लागा (स्टेप बाय स्टेप)

शिंक आली की थोडी शू होते, खळखळून हसलं की होते, वाकून काही उचललं की होते, आणि हे घरात सांगायचीही लाज वाटते मग डॉक्टरांचं तर नावच नको. डिलिव्हरी झालेल्या साधारण तीन बायकांमध्ये एकीला हा त्रास असतो, म्हणजे तुमच्या ओळखीतच कितीतरी जणी असणार, फक्त कोणी विषय काढत नाही. आणि काढलाच तर उत्तर ठरलेलं, "अगं होतंच बाळंतपणानंतर". होतं हे खरंय, पण म्हणून जन्मभर पॅड लावून फिरायचं असं थोडंच आहे? बऱ्याच जणींचं हे कमी होतं, कित्येकींचं पूर्ण थांबतं.

गोची अशी होते की लीकेज म्हटलं की जी ती एकच सल्ला देते, कीगल कर (लघवी अडवणारे स्नायू आवळायचे-सोडायचे, तो व्यायाम). पण लीकेजची कारणं वेगवेगळी असतात आणि कारणावर उपाय ठरतो, काही जणींना तर कीगलने त्रास वाढतो. म्हणून लेख जरा लांब झालाय, घाई असेल तर निदान पहिल्या दोन स्टेप्स आणि डॉक्टरांकडे कधी जायचं तो भाग तरी वाचा.

हे होतं कशामुळे

माकडहाडापासून ओटीपोटाच्या पुढच्या हाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते, तिला पेल्विक फ्लोअर म्हणतात. मूत्राशय, गर्भपिशवी, गुदाशय सगळं तिच्यावर टेकलेलं असतं. खोकताना पोटातला दाब एकदम वाढतो तेव्हा हे स्नायू पटकन आवळतात आणि लघवीचा मार्ग बंद धरतात, आपल्याला कळतही नाही. प्रेग्नन्सीत हार्मोन्समुळे तिथले स्नायू आणि त्यांना धरून ठेवणारे तंतू सैल पडतात, वरून बाळाचं आणि गर्भपिशवीचं वजन, त्यात किडन्या नेहमीपेक्षा साधारण दीडपट रक्त गाळत असतात म्हणजे लघवीही जास्त तयार होते. मग नॉर्मल डिलिव्हरीत हे स्नायू आणि त्यांच्या नसा प्रचंड ताणल्या जातात, बाळ मोठं असेल, कळा देण्याचा टप्पा लांबला असेल किंवा फोर्सेप्स (बाळ ओढून काढायचा चिमटा) लावायला लागले असतील तर अजून जास्त.

"माझं सीझर झालंय मग मला कसं काय?" हा प्रश्न हमखास येतो. सीझरने धोका कमी होतो पण शून्य होत नाही, कारण नऊ महिने वजन तर या स्नायूंनी पेललेलंच असतं.

स्टेप १: ही लघवीच आहे ना, हे आधी बघा

ही स्टेप प्रेग्नंट असणाऱ्यांसाठी. शेवटच्या महिन्यांत अंगावर ओलं जाणवलं तर ते तीनपैकी काहीतरी असतं: लघवी, नेहमीचा पांढरा स्राव, किंवा गर्भजल. पांढरा स्राव दाटसर, चिकट असतो. लघवीला तिचा वास असतो आणि बहुतेक वेळा ती शिंकताना, हसताना, उठताना येते नि थांबते. गर्भजल पाण्यासारखं पातळ, रंग नसलेलं किंवा फिकट पिवळसर-गुलाबी, लघवीसारखा वास नाही, आणि आवळून धरलं तरी थांबत नाही.

शंका असेल तर बाथरूमला जाऊन लघवी पूर्ण करा, कोरडा पॅड लावा, अर्धा तास आडवं पडा आणि मग उभं राहा. उभं राहताच पुन्हा पाणी आलं, पॅड ओला झाला, तर हॉस्पिटलला फोन करा. भळकन पाणी गेलं असेल, रंग हिरवट किंवा तपकिरी असेल, रक्त असेल, बाळाची हालचाल कमी वाटत असेल किंवा ३७ आठवडे पूर्ण व्हायचे असतील तर हा अर्धा तासही घालवू नका, सरळ निघा. तिथे जाऊन लघवीच निघाली तर निघू दे, कोणी हसत नाही, लेबर रूममधल्या लोकांना या शंकेची सवय असते.

याच स्टेपमध्ये इन्फेक्शनही तपासून घ्या. जळजळ, सारखी सारखी थेंब थेंब लघवी, घाण वास, ओटीपोटात दुखणं असं असेल तर युरिन टेस्ट करायची. प्रेग्नन्सीत कधीकधी काहीच लक्षणं नसताना लघवीत जंतू असतात, आणि तसेच राहिले तर किडनीपर्यंत जाऊ शकतात, वेळेआधी डिलिव्हरीचा धोकाही वाढतो. लक्षणं नसली तरी डॉक्टर युरिन टेस्ट सांगतात ती याचसाठी, तेव्हा ती टाळू नका आणि अँटिबायोटिक दिलं तर कोर्स पूर्ण करा.

स्टेप २: तीन दिवस नोंद ठेवा

कंटाळवाणं वाटेल पण ही नोंद नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे होतं. मोबाईलच्या नोट्समध्ये तीन दिवस एवढंच लिहा: किती वाजता काय आणि अंदाजे किती प्यायलं, किती वाजता लघवीला गेलं, कधी लीक झालं आणि त्या क्षणी काय करत होता. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं.

तीन दिवसांनी वाचलं की चित्र दिसतं. खोकला, शिंक, हसणं, जिना, वजन उचलणं यालाच लीक होत असेल तर तो स्ट्रेस प्रकार (इथे स्ट्रेस म्हणजे पोटातला दाब, मनाच्या टेन्शनशी याचा संबंध नाही). एकदम जोरात लागते आणि बाथरूमपर्यंत पोचायच्या आत होते, नळाचं पाणी ऐकलं किंवा दाराला किल्ली लावली की होते, तर तो अर्ज प्रकार (इंग्रजीतला urge, म्हणजे अनावर घाई), यात मूत्राशय नको तेव्हा आकुंचन पावतं. दोन्ही असेल तर मिक्स्ड. प्रेग्नन्सीत आणि डिलिव्हरीनंतर जास्त करून स्ट्रेस प्रकार दिसतो.

अजून दोन प्रकार आहेत, ते कमी दिसतात पण चुकवायचे नाहीत. एक म्हणजे मूत्राशय रिकामंच होत नाहीये आणि भरून वाहतंय, यात थोडी थोडी गळत राहते, जोर करावा लागतो, करून आल्यावरही राहिल्यासारखं वाटतं. दुसरा, दिवसरात्र न थांबता गळतंय, झोपेत, बसल्याजागी, काहीही न करता. डिलिव्हरीनंतर असं असेल तर मूत्राशय आणि योनी यांच्यात छिद्र पडलेलं असू शकतं, खूप लांबलेल्या किंवा अवघड डिलिव्हरीनंतर हे होतं. हे दोन्ही व्यायामाचे विषयच नाहीत, लगेच डॉक्टर. छिद्र लहान आणि ताजं असेल तर नुसता कॅथेटर (लघवी काढून घ्यायला मूत्राशयात घातलेली नळी) ठेवूनही भरून यायची शक्यता असते, म्हणून इथे "बघू थोडे दिवस" करायचं नाही.

स्टेप ३: बरोबर स्नायू सापडवा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात म्हणून इथे जरा थांबते. हे व्यायाम ज्यांच्या नावाने ओळखले जातात त्या अमेरिकन गायनॅक अर्नोल्ड कीगल यांनी १९४८ मध्ये ते मांडले, तेव्हा त्यांनी सोबत आवळण्याचा जोर मोजणारं एक उपकरणही वापरलं होतं, म्हणजे बाईला आपण बरोबर आवळतोय का ते समोर दिसायचं. आता व्यायाम सगळ्यांना पाठ आहे पण तपासायचा भाग गळून गेलाय, आणि कित्येक जणी आवळायच्या ऐवजी खाली जोर देत बसतात.

पाठीवर किंवा कुशीवर पडा, गुडघे वाकवलेले (पोट मोठं असेल तर कुशीवरच). आता चारचौघांत गॅस अडवायचाय असं समजून मागून आवळा, आणि तसंच पुढे आणत लघवी अडवल्यासारखं करा, आत आणि वर ओढल्यासारखं. मग सोडा, पूर्ण सोडा. पोट, मांड्या, कुल्ले हलता कामा नयेत, श्वास रोखायचा नाही. श्वास सोडता सोडता आवळलं की सोपं जातं.

तपासायचं कसं? छोटा आरसा धरून बघा, आवळल्यावर योनी आणि गुदद्वार यांच्या मधली जागा आत-वर गेली पाहिजे. बाहेर फुगली तर तुम्ही जोर देताय, थांबा आणि परत सुरुवात करा. किंवा हात स्वच्छ धुऊन एक बोट योनीत घालून आवळून बघा, बोटाभोवती पकड आणि आत ओढल्यासारखं जाणवलं पाहिजे. पाणी गेलं असेल, रक्तस्राव असेल, वार खाली असेल, डॉक्टरांनी आत काही घालू नका म्हटलं असेल किंवा टाके ताजे असतील तर बोटाने तपासायचं नाही.

लघवी करताना मधेच धार थांबवून व्यायाम करा असं अजूनही सांगतात, ते करू नका. त्याने मूत्राशय पूर्ण रिकामं न व्हायची सवय लागते.

आणि ज्यांना आवळायला जमतं पण सोडायला जमत नाही, संबंधांच्या वेळी दुखतं, लघवी सुरू व्हायलाच वेळ लागतो, त्यांचे स्नायू मुळात आखडलेले असू शकतात. मघाशी म्हटलं ना कीगलने काहींचा त्रास वाढतो, त्या ह्या. आधी पेल्विक फ्लोअर फिजिओथेरपिस्टला दाखवा, त्या सैल सोडायला शिकवतात. खरं तर शक्य असेल तर सगळ्याच जणींनी एकदा दाखवून घ्यावं असं माझं मत, कारण चुकीचा व्यायाम तीन महिने करून मग "मला कीगलने काही फरक पडला नाही" म्हणणाऱ्या खूप असतात.

स्टेप ४: रोजचा व्यायाम

दोन तऱ्हेने करायचं. सावकाश: आवळा, धरून ठेवा, सोडा, आणि जितका वेळ धरलं तितकाच वेळ सैल राहा. सुरुवातीला तीन सेकंदच जमले तर तीनच, हळूहळू दहापर्यंत न्यायचं. असं ८ ते १० वेळा. मग झटपट: पटकन आवळा, लगेच सोडा, ८ ते १० वेळा. हा एक सेट, दिवसातून तीन सेट. आधी पडून, मग बसून, मग उभं राहून, कारण लीक आपण उभं असतानाच होतं ना, नुसतं बेडवर जमून काय उपयोग.

स्नायू थकला की पकड आपोआप सुटते, तेव्हा ओढून ताणून आकडा पूर्ण करायचा नाही. पाच नीट झालेले बरे.

किती दिवस? निदान तीन महिने. दोन आठवड्यांत काही होत नाहीये म्हणून सोडून देतात आणि इथेच सगळं फिसकटतं. ब्रश, बाळाला पाजणं, ऑफिसच्या कॉलवर गप्प बसलेलो असतो तो वेळ, अशा कशाला तरी बांधून टाका म्हणजे लक्षात राहतं.

प्रेग्नंट असाल आणि अजून लीक होत नसेल तर तुमच्यासाठी हा व्यायाम सगळ्यात फायद्याचा. कोक्रेन या वैद्यकीय संशोधनं तपासणाऱ्या संस्थेच्या २०२० च्या आढाव्यानुसार लीकेज नसताना प्रेग्नन्सीच्या सुरुवातीपासून हे व्यायाम करणाऱ्यांमध्ये शेवटच्या महिन्यांत लीकेजचा धोका सुमारे ६२ टक्क्यांनी कमी होता. आधीच लीक होत असेल तर प्रेग्नन्सी चालू असताना इतका मोठा फरक दिसेलच असं नाही, तरी करा. आवळायला शिकून घेतलेलं असलं की डिलिव्हरीनंतर पहिल्यापासून शोधत बसावं लागत नाही.

स्टेप ५: शिंकायच्या आधी आवळा

मला विचाराल तर अख्ख्या लेखातली लगेच कामाला येणारी गोष्ट हीच. शिंक येतेय असं कळलं की आधी आवळायचं, धरून ठेवायचं, शिंकायचं, मग सोडायचं. खोकताना तेच, बाळाला उचलताना तेच, खुर्चीतून उठताना तेच. ताकद यायला महिने लागतात पण हे टायमिंग जमलं की लीक बरंच कमी होतं, काही जणींना आठवड्याभरातच फरक वाटतो. पहिले काही दिवस विसरायला होतं, मग सवय होते आणि विचार न करता आवळलं जातं. उभ्याने शिंक आलीच तर पाय क्रॉस केले तरी मदत होते, बाकी लोक बघतात तर बघू दे.

स्टेप ६: घाईची लागत असेल तर

अर्ज प्रकारात आपण सगळ्याजणी एकच करतो, लागली की पळतो. पळताना पोटावर दाब येतो आणि वाटेतच होते. त्याऐवजी जिथे आहात तिथे थांबा, शक्य असेल तर बसा, पाच-सहा वेळा झटपट आवळा-सोडा करा, सावकाश श्वास घ्या, डोक्यात दुसरं काहीतरी आणा (शंभरातून सात सात वजा करत जा, मला तर त्यात लघवी विसरायलाच होईल). लाट ओसरते. ओसरली की मग चालत जा.

डिलिव्हरीनंतर याला जोडून वेळ वाढवायचं ट्रेनिंग करता येतं. नोंदीत बघा तुम्ही किती वेळाने जाता, समजा दर तासाला, तर पहिला आठवडा सव्वा तासाने, पुढे अजून दहा-पंधरा मिनिटं, असं करत तीन तासांच्या आसपास. निदान सहा आठवडे द्यायला लागतात. "बाहेर पडायचंय, लागली नाहीये तरी जाऊन येते" ही सवयही सोडायची, त्याने मूत्राशय थोडं भरलं तरी ओरडायला शिकतं. प्रेग्नन्सीत मात्र हे धरून ठेवायचं ट्रेनिंग नको, तेव्हा सारखी लागणं साहजिकच आहे, लागली की जा.

स्टेप ७: पाणी, पोट आणि पॅड

लीक होतं म्हणून पाणी कमी करणं ही सगळ्यात उलटी पडणारी युक्ती. लघवी घट्ट होते, मूत्राशयाला टोचते, घाई वाढते, बद्धकोष्ठता होते, इन्फेक्शनला आमंत्रण. दिवसभरात दीड-दोन लिटर, अंगावर पाजत असाल तर तहानेप्रमाणे जास्त. रात्री उठणं जास्त होत असेल तर झोपण्याआधीच्या दोन तासांत कमी प्या, बस. चहा, कॉफी, कोला काही जणींना घाई आणतात, आठवडाभर कमी करून बघा, फरक नसेल तर उगाच सोडू नका.

बद्धकोष्ठतेकडे दुर्लक्ष नको, शौचाला रोज जोर करणं म्हणजे त्याच स्नायूंना रोज खाली ढकलणं. कमोडवर बसताना पायाखाली स्टूल घ्या, गुडघे कमरेपेक्षा वर, पुढे वाकून, घाई न करता.

पाळीचा पॅड लघवीला चालत नाही. लघवी पातळ असते, एकदम येते, तो पॅड तितक्या वेगाने शोषत नाही आणि त्वचा ओली राहून रॅश येतात. लघवीसाठी वेगळे पॅड मिळतात ते घ्या. डिलिव्हरीनंतर रक्तस्राव चालू असेपर्यंत मॅटर्निटी पॅड. आणि पॅड ही व्यायाम चालू असेपर्यंतची सोय आहे हं, उपाय नाही.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के कमी झालं तरी लीकेज कमी होतं, पण हे डिलिव्हरीनंतर, सावकाश, प्रेग्नन्सीत वजन घटवायला जाऊ नका.

डिलिव्हरीनंतरचं वेळापत्रक

पहिल्या दिवसाबद्दल कोणी सांगत नाही म्हणून सांगते. डिलिव्हरीनंतर किंवा कॅथेटर काढल्यावर सहा तासांच्या आत नीट लघवी झाली पाहिजे. एपिड्यूरल (कळा कमी जाणवाव्यात म्हणून पाठीत देतात ते इंजेक्शन) घेतलं असेल, डिलिव्हरी लांबली असेल किंवा फोर्सेप्स-व्हॅक्युम लागला असेल तर लागल्याचं कळतच नाही कधीकधी, मूत्राशय तुडुंब भरतं आणि ताणून सैल पडतं. झालीच नाही, किंवा नुसते थेंब थेंब येतायत आणि ओटीपोट फुगलंय, तर नर्सला लगेच सांगा, लाजू नका. पहिले काही दिवस शरीरातलं जादाचं पाणी निघून जात असतं म्हणून खूप लघवी होते, दर दोन-तीन तासांनी जाऊन येत जा, लागली नसली तरी (हो, मघाशी याच्या उलट सांगितलं, पण ते नंतरसाठी).

कॅथेटर निघाला की हलकं आवळणं सुरू करता येतं, टाके असले तरी. सूज उतरायला मदतच होते, दुखलं तर कमी जोराने. टाके गुदद्वाराच्या स्नायूपर्यंत गेले असतील तर डॉक्टरांना विचारून.

पहिले सहा आठवडे चालणं आणि हे व्यायाम पुरे, पोट कमी करायला क्रंचेस नकोत. पळणं, उड्या, जड वजनं साधारण तीन महिन्यांनंतर, आणि तेव्हाही लीक होत असेल किंवा खाली जड वाटत असेल तर अजून वेळ आलेली नाही असं समजा. अंगावर पाजत असताना इस्ट्रोजेन हे हार्मोन कमी असतं, त्याने योनी कोरडी पडते आणि लघवीची कुरबुर राहू शकते, ते पाजणं कमी झालं की सुधारतं. फार कोरडं असेल तर डॉक्टर लावायचं क्रीम देऊ शकतात.

डॉक्टरांकडे कधी

लगेच: लघवी होतच नाहीये, दिवसरात्र गळतेय, ताप आणि कमरेच्या वर पाठीत दुखणं, लघवीत रक्त, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा किंवा पायात अचानक अशक्तपणा. बधिरपणा असेल तर थेट इमर्जन्सीत.

या आठवड्यात अपॉइंटमेंट: योनीतून काहीतरी खाली आल्यासारखं वाटणं, शौच किंवा गॅस न अडवता येणं. हे दुसरं सांगायला लघवीपेक्षाही जड जातं, पण त्यावरही उपचार आहेत, विचारलं नाही तर डॉक्टरही विषय काढत नाहीत.

आणि डिलिव्हरीला तीन महिने होऊन गेले तरी लीक होतंय, तर "होईल आपोआप" सोडा. पहिल्या तीन महिन्यांत बऱ्याच जणींचं जातं, त्यानंतरही राहिलेलं मात्र आपोआप जायची शक्यता कमी असते. तीन दिवसांची नोंद सोबत न्या, "लीक होतं" एवढंच सांगण्यापेक्षा ती दाखवली की डॉक्टरांचं काम निम्मं होतं.

पुढे काय काय असतं? फिजिओथेरपिस्टकडे बायोफीडबॅक, म्हणजे आवळलेलं स्क्रीनवर दिसतं. स्नायू अजिबात आवळतच नसतील तर हलका करंट देऊन जागे करतात, प्रेग्नन्सीत हे नसतं. योनीत बसवायची पेसरी (आतून आधार देणारी रिंग) मिळते, फक्त पळताना, उड्या मारताना घालायची असेल तरी चालते. अर्ज प्रकारासाठी गोळ्या आहेत, प्रेग्नंट असाल किंवा पाजत असाल तर विचारल्याशिवाय कुठलीच नाही. स्ट्रेस प्रकार व्यायामाने हटलाच नाही तर ऑपरेशन आहे, त्यात लघवीच्या नळीखाली आधाराची पट्टी बसवणं हा एक प्रकार, पण पुढच्या प्रेग्नन्सीने केलेलं काम बिघडू शकतं म्हणून अजून मूल हवं असेल तर सहसा ते झाल्यावर करतात. तोपर्यंत व्यायाम आणि पेसरीवर निभावून नेता येतं, आणि दुसऱ्यांदा दिवस राहिले की पहिल्याच व्हिजिटला डॉक्टरांना सांगून ठेवा की मागच्या वेळी लीकेज होतं.